ऑलिव्हची कोय



ऑलिव्हच्या तेलाची बाटली हल्लीं शहरांतील पुष्कळ घरांत असते. खाऱ्या पाण्यांत मुरविलेल्या हिरव्या किंवा काळ्या ऑलिव्हची बरणीही कांहींच्या फडताळांत असेल. परंतु ज्या झाडाचें हें तेल व हें फळ, तें झाड आपल्यापैकीं फार थोड्यांनीं पाहिलें आहे. मराठी बायबलांत त्याला जैतून असें नांव दिलेलें आहे. भूमध्य समुद्राच्या कांठचे स्पेन, इटली, ग्रीस, तुर्कस्तान, सीरिया, ट्युनिशिया हे देश म्हणजे त्याचें घर. झाड परदेशचें खरें, पण त्याचें कुळ आपल्याला अनोळखी नाहीं. जाई, जुई, मोगरा आणि पारिजातक हीं सारीं वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें ऑलिव्हच्याच कुळांतलीं. महाबळेश्वरच्या रानांत वाढणारें पारजांभूळ हें तर त्यांहूनही जवळचें आप्त. अशा या दूरदेशच्या नातलगावर गेल्या कांहीं वर्षांत एक मोठें अरिष्ट आलें आहे. त्या अरिष्टांतून वाट काढण्यासाठीं शास्त्रज्ञ त्याच्या कोयीकडे वळले आहेत. ती कोय रुजवावी कशी, तिच्यांतून निघालेलें रोप वाढवावें कसें, आणि हा सारा खटाटोप कशासाठीं, हें आज सांगण्याचें मीं योजिलें आहे.

आरंभीं आपल्या ओळखीचेंच एक उदाहरण घेऊं. हापूस आंब्याची कोय परसांत पुरली, तर तिच्यांतून हापूस निघेल काय? कोंकणांतील कोणताही मुलगा सांगेल, कीं नाहीं, रायवळ निघेल. त्या रायवळाचें फळ आंबट निघेल कीं गोड, घट्ट गराचें निघेल कीं दोऱ्यांनीं भरलेलें, हें त्याला मोहोर येऊन फळ धरेपर्यंत कोणालाही सांगतां यावयाचें नाहीं. कारण उघड आहे. कोय ही दोघांची संतति. तिच्यांत आईचे गुण जसे येतात, तसेच ज्या झाडाचा पराग माशीनें आणून टाकला असेल त्या बापाचेही येतात. आणि त्यांची मिसळ दर कोयींत निराळी असते. म्हणून बागाईतदार कोयीवर विसंबत नाहीं. तो कलम बांधतो. कलमाचें झाड वयानें लहान दिसलें, तरी त्याचा वरचा भाग मूळ हापुसाचाच एक तुकडा असतो. तें त्या झाडाचें मूल नव्हे. तें झाड तेंच.

ऑलिव्हच्या बाबतींतही हाच प्रकार आहे, आणि तो फार प्राचीन आहे. सुमारें ६००० वर्षांपूर्वीं भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील लोकांनीं रानटी ऑलिव्ह माणसाळविलें, असें विद्वानांचें मत आहे. रानटी झाडाचें फळ बारीक. त्यांत गर थोडा आणि कोयच मोठी. अशा हजारों झाडांत एखादें झाड मोठ्या व तेलकट फळांचें निघालें, कीं लोक त्याची फांदी तोडून जमिनींत रोंवीत, किंवा त्याच्या बुंध्यापाशीं ज्या गांठी येतात त्या कापून पुरीत. हें झाड इतकें चिवट कीं तशा गांठींतूनही नवें झाड उभें राहतें. बापानें लावलेल्या झाडाची फांदी मुलानें लावली, मुलाची नातवानें लावली, व्यापाऱ्यांनीं गलबतांत घालून परदेशीं नेली, आणि अशा रीतीनें एकाच झाडाचीं लक्षावधि झाडें झालीं. स्पेनमधील हाएन प्रांतांत टेंकड्यांमागून टेंकड्या 'पिकुआल' नांवाच्या जातीनें झांकलेल्या आहेत. तीं सारीं झाडें वंशाच्या दृष्टीनें एकच झाड होय, असें म्हटलें तरी चालेल. कॅटलोनियांतील 'आर्बेकिना', इटलींतील 'फ्रांतोयो', ग्रीसमधील 'कोरोनेइकी' यांचीही तीच कथा.

या पद्धतीचा लाभ स्पष्ट आहे. आजोबांच्या झाडाला जशीं फळें येत, तशींच नातवाच्या झाडाला येतात, आणि तेलाची चव पिढ्यानुपिढ्या टिकते. पण तींत एक धोकाही आहे. एका घरांत दहा भावंडें असलीं आणि गांवांत सांथ आली, तर दोघेचौघे आजारी पडतात, बाकीचे तरतात. कारण प्रत्येकाची प्रकृति निराळी असते. तींच दहा माणसें जर एकाच माणसाच्या दहा प्रतिकृति असतील, तर जो रोग एकाला मारील तो दहांनाही मारील.

नेमकें हेंच दक्षिण इटलींत घडलें. इटलीचा आकार बुटासारखा आहे, हें भूगोलाच्या तासाला आपण सर्वांनीं पाहिलें आहे. त्या बुटाच्या टांचेला सालेंतो म्हणतात. इ. स. २०१३ च्या ऑक्टोबरांत तेथील गालिपोली शहराच्या आसपासच्या बागांत 'झायलेल्ला फास्टिडिओसा' नांवाचा जंतु असल्याचें निश्चित झालें. हा जंतु झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत राहतो आणि तेथेंच वाढून त्या नळ्या बुजवून टाकतो. मुळांशीं पाणी असूनही तें पानांपर्यंत पोंचत नाहीं. फांद्यांचे शेंडे भाजल्यासारखे करपतात आणि कांहीं वर्षांत सबंध झाड वाळतें. ज्याचीं पिलें गवतावर थुंकीसारखा फेंस करून त्यांत वाढतात, असा एक लहानसा किडा या जंतूला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतो. मध्य अमेरिकेंतून आणलेल्या शोभेच्या रोपांबरोबर हा जंतु युरोपांत आला असावा, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. एकदां झाडाला तो लागला म्हणजे त्यावर खात्रीचा उपाय नाहीं.

सालेंतोंतील बागा मुख्यतः दोन जुन्या स्थानिक जातींच्या होत्या: 'ओलिआरोला सालेंतिना' आणि 'चेल्लिना दि नार्दो'. दोन्ही जाती या रोगापुढें दुबळ्या ठरल्या. जीं झाडें शेंकडों वर्षें उभीं होतीं, ज्यांच्यावर पिढ्यांचा संसार चालला होता, तीं लक्षावधि झाडें राखी रंगाचे सांगाडे होऊन उभीं राहिलीं. यापूर्वींही ऑलिव्हवर संकटें आलीं नाहींत असें नाहीं. इ. स. १९८५ च्या जानेवारींत टस्कनी प्रांतांत इतका कडक गारठा पडला, कीं बागाच्या बागा जमिनीपर्यंत जळाल्या. परंतु मुळें जिवंत होतीं. शेतकऱ्यांनीं बुंधे कापले आणि दोनतीन वर्षांत तेथून नवे फुटवे वर आले. या रोगांत तेंही होत नाहीं. फुटवे येतात, पण त्यांच्याही नळ्यांत जंतु शिरतो व तेही वाळतात.

मात्र त्याच वाळलेल्या मुलखांत कांहीं झाडें हिरवीं राहिलेलीं दिसलीं. त्यांपैकीं कांहीं 'लेच्चिनो' या जुन्या जातीचीं होतीं, आणि कांहीं 'एफ एस १७' किंवा 'फावोलोसा' या नव्या जातीचीं. जंतु त्यांच्यांतही शिरतो, पण फार थोड्या प्रमाणांत वाढतो आणि झाड तग धरतें. 'फावोलोसा' जातीची जन्मकथा ध्यानांत घेण्यासारखी आहे. पेरुजा येथील शास्त्रज्ञ जुझेप्पे फोंतानात्सा यांनीं 'फ्रांतोयो' जातीच्या बियांपासून वाढविलेल्या रोपांतून ती निवडली. त्या वेळीं हा रोग इटलींत कोणी पाहिलेलाही नव्हता. झाड आटोपशीर आहे व लौकर फळतें, एवढ्यासाठींच ती निवड झाली होती. रोगाला तोंड देण्याचा गुण तिच्यांत दडलेला होता, आणि तो कळून येण्यास कित्येक वर्षें लागलीं. फांद्या लावून झाडांची संख्या वाढते, पण नवा गुण मिळत नाहीं. नवा गुण हवा असेल तर बीच पेरली पाहिजे, हा यांतील धडा आहे.

आतां ही बी मिळवितात कशी, तें पाहूं. ऑलिव्ह तिकडच्या वसंतऋतूच्या अखेरीस, बहुधा मे महिन्यांत फुलतें. फुलें बारीक, पांढुरकीं, चार पाकळ्यांचीं आणि दोन पुंकेसरांचीं असून तीं घोंसांनीं येतात. मोठ्या झाडावर पांच लाखांपर्यंत फुलें येतात, पण शेंकडा एकदोन फुलांचेंच फळ होतें. पराग वाऱ्यावर उडतो. बहुतेक जातींना स्वतःचा पराग फारसा मानवत नाहीं. परक्या जातीचा लागतो. याचा फायदा संकर करणाऱ्याला मिळतो. प्रत्येक चिमुकल्या फुलांतील पुंकेसर चिमट्यानें काढीत बसण्याची त्याला गरज पडत नाहीं. जिला आई करावयाची त्या झाडाच्या फांदीवर, फुलें उमलण्यापूर्वींच, तो कागदाची पिशवी बांधतो. दुसऱ्या निवडलेल्या झाडाचा पराग गोळा करतो. आणि फुलें उमललीं म्हणजे तो पराग पिशवींत सोडतो. तरीही वारा मोठा चोर आहे. कोठून तरी परका कण आंत शिरतोच. म्हणून आतां रोप मोठें होण्याची वाट न पाहतां त्याच्या एका पानांतील डीएनए तपासून खरा बाप कोण, हें ठरवितात.

फळ धरलें, कीं पुढला प्रश्न तें केव्हां तोडावें हा. आपली समजूत अशी, कीं फळ जितकें पिकेल तितकी बी चांगली. ऑलिव्हच्या बाबतींत ती लागू पडत नाहीं. फळ हिरवें असतांनाच कोय टणक होते आणि आंतील गर्भ पूर्ण वाढतो. फळ काळें होऊन झाडावर लोंबत राहिलें, तर बीची झोंप अधिकाधिक गाढ होत जाते. म्हणून हिरव्या फळावर जांभळी झांक येऊं लागली, कीं तें तोडतात. मग गर चोळून काढावयाचा, कोया धुवावयाच्या, आणि त्यांना चिकटून राहिलेला तेलकट अंश सौम्य कॉस्टिक सोड्याच्या पाण्यानें काढून टाकावयाचा. नंतर त्या स्वच्छ पाण्यांत सोडतात. पोकळ कोया बहुधा तरंगतात. त्या फेंकून देतात. तळाशीं बसलेल्या सांवलींत वाळवितात.

येथपर्यंतचें काम कोणत्याही घरांत होण्याजोगें आहे. खरी अडचण पुढेंच. आपल्या गृहिणी मटकी भिजत घालतात, फडक्यांत बांधून ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिला मोड आलेले असतात. ऑलिव्हची कोय तशी ओल्या फडक्यांत ठेवली, तर महिनेच्या महिने तशीच राहील. तिच्या वाटेवर दोन अडसर आहेत. पहिला अडसर कवचाचा. आंब्याची कोय निदान सुरीनें उकलतां येते. ऑलिव्हची कोय आकारानें खारकेच्या बीपेक्षांही लहान, पण कठिणपणांत एखाद्या खड्यासारखी. तिच्यांतून पाणी कसेंबसें आंत जातें, परंतु आंतल्या नाजुक अंकुराला तें कवच फोडून बाहेर येणें कठिण पडतें. दुसरा अडसर झोंपेचा. कवच काढलें तरी आंतील बी लगेच उगवत नाहीं. अंकुराभोंवतीं जो अन्नाचा थर असतो, तोच त्याला कांहीं काळ रोखून धरतो. तो थर सोडवून नुसता अंकुर पोषक द्रव्यावर ठेवला, तर तो लौकर वाढूं लागतो, यावरून हें सिद्ध झालें आहे.

ही झोंप निरर्थक नाहीं. भूमध्य समुद्राकांठीं पाऊस आपल्यासारखा उन्हाळ्यानंतर एकदम कोसळत नाहीं. तो शरदांत व हिंवाळ्यांत पडतो आणि उन्हाळा अगदीं कोरडा जातो. गरम हवेंतच बी रुजली, तर कोंवळें रोप पाण्यावांचून मरावयाचें. ओलावा आणि त्याबरोबर बेताचा गारवा कांहीं आठवडे मिळाला, म्हणजे आतां पावसाचे दिवस आले, असें जणूं बीला कळतें आणि ती जागी होते. निसर्गाचा हा हिशेब ओळखून शास्त्रज्ञ प्रयोगशाळेंत तीच ऋतुस्थिति निर्माण करतात.

त्याची रीत अशी. कोयीचें टोंक एका लहान मजबूत कातरीनें किंवा शेगड्यांत धरून बेतानें फोडतात आणि आंतील बी अखंड बाहेर काढतात. हें काम हातालाच शिकावें लागतें. दाब थोडा कमी पडला तर कवच फुटत नाहीं, आणि थोडा अधिक झाला तर बी चिरडते. काढलेल्या बिया दिवसभर पाण्यांत भिजवितात, बुरशी येऊं नये म्हणून औषध लावतात, आणि ओलसर भुसभुशीत माध्यमांत ठेवून सुमारें १४ अंश सेंटिग्रेड उष्णमानांत, अंधारांत, चार आठवडे राहूं देतात. येथें बर्फासारखी थंडी कामाची नाहीं. आपल्या पुण्यानाशिकच्या हिंवाळ्यांतील पहाटेसारखा गारवाच पाहिजे. त्यानंतर त्या बिया २० ते २५ अंशांच्या ऊबदार जागीं आणल्या, कीं लौकरच मुळें फुटतात आणि लहान कुंड्यांत रोपें उभीं राहतात. दोन्ही अडसर एकदम दूर झाल्यामुळें बहुतेक बिया जवळजवळ एकाच वेळीं रुजतात. संकर करणाऱ्याला याचें फार महत्त्व. बी सगळी एका वेळीं उगवली, तरच कोणतें रोप जोमदार आणि कोणतें दुबळें, याची न्याय्य तुलना होऊं शकते.

कवचासकट कोया पेरल्या तर उगवतच नाहींत काय? उगवतात, परंतु कांहीं यंदा, कांहीं पुढल्या वर्षीं, आणि पुष्कळ कधींच नाहींत. टस्कनींतील पेश्या येथील रोपवाटिकांत पूर्वीं असेंच करीत. त्यांना फक्त कलमाला खालचें मूळ पाहिजे असे. दहांतून तीन उगवले तरी भागे. आणि निसर्गाला तर घाईच नाहीं. पक्षी फळें गिळतात व कोया दूरवर टाकतात. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागांत, ॲडलेड शहराजवळच्या डोंगरांत, वसाहतवाल्यांनीं नेलेल्या ऑलिव्हच्या बिया पक्ष्यांनीं व कोल्ह्यांनीं इतक्या पसरविल्या, कीं तेथें हें झाड उपद्रवी तण म्हणून गणलें जातें. जी कोय फोडण्यासाठीं माणूस इतका श्रमतो, तीच रानांत आपल्या सवडीनें शांतपणें रुजत असते.

रोप उगवलें म्हणजे काम झालें असें मात्र नाहीं. पूर्वींच्या काळीं संकर करणाऱ्यांची निराशा होई ती याच्या पुढच्या टप्प्यावर. बीपासून उगवलेल्या ऑलिव्हचें बाळपण फार लांब असतें. त्याचीं पानें लहान, फांद्या दाट व झुडपासारख्या. आणि साधारण १० ते १५ वर्षेंपर्यंत त्याला फूलच येत नाहीं. फूल नाहीं तर फळ नाहीं, आणि फळ नाहीं तर तेलाची परीक्षा नाहीं. एका माणसाच्या हयातींत फार तर दोनतीन पिढ्या पाहावयाच्या, आणि त्यांतही बहुतेक झाडें टाकाऊ निघावयाचीं. म्हणूनच हजारों वर्षें कोणी या वाटेला फारसें गेलें नाहीं.

स्पेनमधील कॉर्दोबा येथें प्राध्यापक लुइस राल्यो व त्यांचे सहकारी यांनीं इ. स. १९९१ च्या सुमारास ऑलिव्हच्या संकराचें काम पद्धतशीरपणें हातीं घेतलें. त्या कामांतून एक महत्त्वाची गोष्ट पुढें आली. झाडाचें बाळपण संपणें हें किती वर्षें गेलीं यापेक्षां तें किती वाढलें यावर अधिक अवलंबून असतें. मग वाढच भराभर करविली तर? त्यांनीं रोपें कांचघरांत ठेवून त्यांना रात्रंदिवस प्रकाश दिला, खत व पाणी वेळच्या वेळीं दिलें, आणि एकच सरळ खोड वर चढूं दिलें. छाटणी करावयाची नाहीं, हा त्यांतला कडक नियम. कारण रोपाचा शेंडा छाटला, कीं तें पुन्हां बाळपणांत ढकललें जातें. हिंवाळ्यांतही न थांबतां वाढलेलीं हीं रोपें एका वर्षाच्या आंतच माणसाच्या छातीइतकीं किंवा त्याहून उंच होतात व शेतांत लावतां येतात. तेथें तिसऱ्याचौथ्या वर्षीं पुष्कळांना फुलें येतात. गंमत अशी, कीं फुलें प्रथम शेंड्याकडे येतात. बुंध्याजवळचा भाग अजून बाळच असतो. तसेंच, जीं रोपें आरंभीं खुरटीं राहतात तीं पुढेंही उशिरां फुलतात, असें दिसून आल्यामुळें त्यांना प्रारंभींच वगळतात. पंधरा वर्षांचें काम चार वर्षांवर आलें, म्हणजे काय झालें याची कल्पना श्रोत्यांना येईल. जो प्रयोग पूर्वीं आजोबानें सुरू करून नातवानें संपवावा लागे, तो आतां एका माणसाला आरंभापासून शेवटपर्यंत पाहतां येतो.

फळ आल्यावर खरी निवड सुरू होते. फळांत तेल किती, झाड किती लौकर धरतें, एक वर्षाआड फळतें कीं दरवर्षीं, यंत्रानें फळ काढतां येईल काय, हें सर्व पाहावें लागतें. कांहीं रोगांची परीक्षा मात्र रोप लहान असतांनाच घेतां येते. मातींतून येणारी 'व्हर्टिसिलियम' नांवाची एक बुरशी ऑलिव्हची मोठी वैरीण आहे. कांहीं आठवड्यांच्या रोपांचीं मुळें त्या बुरशीच्या पाण्यांत बुडवून मग तीं लावतात. जीं तगतात, तेवढींच पुढें वाढवितात. या सर्व चाळण्यांतून शेंकडों रोपांमागें एखादेंच टिकतें. कॉर्दोबाच्या कामांतून अशी निघालेली पहिली जात म्हणजे 'पिकुआल' आई आणि 'आर्बेकिना' बाप यांची मुलगी 'चिकितिता'. या नांवाचा अर्थ चिमुरडी असा आहे. ठेंगणी, आटोपशीर, दाट ओळींत लावण्याजोगी आणि लौकर फळणारी अशी ही जात असून तिचें शास्त्रीय वर्णन इ. स. २००८ मध्यें प्रसिद्ध झालें. उत्तम उपाय माहीत असतांनाही १५ वर्षांहून अधिक काळ त्यांत गेला, हें येथें लक्षांत ठेवावें.

आतां पुन्हां सालेंतोकडे वळूं. वाळलेल्या व सोडून दिलेल्या बागांच्या बांधांवर, दगडी गडग्यांच्या फटींत, पक्ष्यांनीं टाकलेल्या कोयांतून आपोआप उगवलेलीं ऑलिव्हचीं रोपें आढळतात. भोंवतालचीं मोठीं झाडें मेलीं, तरी त्यांतलीं कांहीं हिरवीं आहेत. बारी येथील शास्त्रज्ञ अशीं रोपें हुडकून काढतात, त्यांच्यांत जंतु शिरला असूनही तीं तगलीं, कीं जंतूची गांठच पडली नाहीं, हें तपासतात, आणि जीं खरोखर कणखर ठरतील त्यांच्या फांद्या जपून लावतात. ज्या रोपांकडे शेतकरी तण समजून दुर्लक्ष करी, त्यांची आज नांवनिशीवार नोंद होत आहे. त्याखेरीज 'लेच्चिनो' व 'फावोलोसा' यांचा इतर जातींशीं मुद्दाम संकर करून नव्या बियाही पेरल्या जात आहेत.

येथें एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. रोगग्रस्त भागांत पुन्हां बागा लावण्यास प्रथम परवानगी मिळाली ती याच दोन जातींना. शेतकऱ्याला थांबतां येत नाहीं, हें खरें. परंतु निवडलेलें झाड शेवटीं पुन्हां फांद्यांनींच वाढवावयाचें असतें. म्हणजे हजारों एकरांवर पुन्हां एकदोन झाडांच्याच प्रतिकृति उभ्या राहणार. उद्यां एखादा निराळा रोग आला, तर आजची कणखर जात त्याच्यापुढें दुबळी ठरूं शकेल. यासाठीं जातींची विविधता सांभाळली पाहिजे. कॉर्दोबा येथें इ. स. १९७० पासून देशोदेशींच्या ऑलिव्हच्या जाती एकत्र लावून सांभाळल्या जात आहेत. त्यांतील कित्येक जातींना आज बाजारांत कोणी विचारीत नाहीं. पण संकराला लागणारे आईबाप तेथेंच सांपडतात.

ऐकणाऱ्यांपैकीं कोणाला वाटेल, कीं बरणींतल्या ऑलिव्हची कोय आपणही कुंडींत लावून पाहावी. तसें करूं नये; श्रम फुकट जातील. कडवटपणा जावा म्हणून तीं फळें बहुधा सोड्याच्या तीव्र पाण्यांत ठेवलेलीं, मग मिठांत मुरविलेलीं, आणि पुष्कळ वेळां उष्णता देऊन बंद केलेलीं असतात. त्यांतील बी मेलेली असते. ताजें फळ मिळून रोप आलें, तरी कोंकणांत वा मुंबईंत त्याला फळें धरण्याची आशा करूं नये. फुलाची कळी तयार होण्यास या झाडाला खरा हिंवाळा लागतो. राजस्थानांत इ. स. २००८ च्या सुमारास इस्राएलच्या साहाय्यानें ऑलिव्हच्या बागा लावण्यांत आल्या, त्या तेथें थंडी व कोरडी हवा आहे म्हणूनच.

पण हें काम आपल्याला अगदींच परकें आहे, असेंही नाहीं. आपल्या वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रांत नीलम आणि हापूस यांचा संकर करून 'रत्ना' हा आंबा निर्माण झाला व तो इ. स. १९८१ मध्यें लागवडीसाठीं देण्यांत आला. हापुसांत जो साका होतो, तो त्यांत होत नाहीं. तोही कोणीतरी पिशवी बांधून, कोय पेरून, वर्षांमागून वर्षें वाट पाहून मिळविलेला आहे. आणि आपल्या हापुसाच्या बागांचीही स्थिति ऑलिव्हहून निराळी नाहीं. त्याही एकाच झाडाच्या प्रतिकृति. म्हणून बांधावरचा रायवळ केवळ आंबट म्हणून तोडण्यापूर्वीं कोंकणांतील बागाईतदारांनीं सालेंतोच्या गडग्यांतील तीं रानटी रोपें आठवावींत, एवढीच माझी विनंति आहे. त्या आंबट झाडांत कोणता गुण दडलेला आहे, हें आज आपल्याला ठाऊक नाहीं. तें झाड उभें राहिलें, तर पुढें ज्याला गरज पडेल त्याला तें शोधतां येईल.